खाऱ्या वाऱ्यात रॉक गिटारचा टोन: हात, तारा, सेटअप, अँप, याच क्रमाने

टोनसाठी धडपड सुरू झाली की बहुतेक जण आधी पेडल बघतात, मग अँप, मग कधीतरी तारा बदलतात, आणि हाताकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. आधी हात, मग तारा, मग सेटअप, मग गिटारवरचे नॉब, मग अँप, आणि पेडल सगळ्यात मागून. त्यात आपण रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा पट्ट्यात राहत असू तर अजून दोन गोष्टी यात घुसतात ज्या घाटावरच्या गिटारवाल्याला फारशा छळत नाहीत, एक खारा वारा आणि दुसरं घरातलं अर्थिंग. खाली क्रमाने लिहितोय, एकेक करत जा, सगळं एका रविवारी उरकणार नाही आणि उरकायची घाईही नको.

हात

एसी/डीसी घ्या. एकाच बँडमध्ये दोन सख्खे भाऊ, धाकटा अँगस यंग 9 च्या पातळ तारा (हा आकडा सेटमधल्या सर्वात पातळ तारेच्या जाडीचा) वाजवणारा आणि थोरला माल्कम 12 च्या जाड तारा लावून फक्त ऱ्हिदम धरणारा. दोघंही मार्शलमधूनच वाजवायचे आणि दोघांचाही आवाज डोळे मिटून ओळखता येतो. झेडझेड टॉपचा बिली गिबन्स चक्क 7 ची तार वापरतो, आणि स्टीवी रे वॉन 13 ची लावून गिटार अर्धा सूर खाली ट्यून करायचा. म्हणजे तारेच्या जाडीवरून मोठेपण ठरत असतं तर यातले निम्मे लोक बादच व्हायला हवे होते. या सगळ्यांत सारखं काय आहे तर प्रत्येक स्वर कुठे सुरू होतो, कुठे थांबतो आणि सुरात बसतो की नाही यावर त्यांचा पूर्ण ताबा आहे. तिथूनच सुरुवात करायची.

पहिलं काम बेंडचं, म्हणजे दाबलेली तार बाजूला ढकलून सूर चढवायचा. घरात पेटी असेल तर उत्तमच, आणि आपल्याकडे भजनामुळे निदान शेजारी तरी असतेच. पेटी दरवेळी 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला असेलच असं नाही, म्हणून आधी गिटार त्या पेटीला लावून घ्या. आता तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट, हा डी, म्हणजे पेटीची पांढरी दोन. दुसऱ्या कोणाला तरी पांढरी तीन धरून भाता चालू ठेवायला सांगा आणि तुम्ही तो डी वर ओढत ई पर्यंत न्या. जवळ पोचलात की दोन आवाजांमध्ये एक थरथर ऐकू येते, वाँव वाँव वाँव अशी, जसजसे सुराच्या जवळ जाल तशी ती संथ होत जाते आणि सूर लागला की थांबते. ती थांबलेली जागा बोटाला आणि मनगटाला कळली पाहिजे. पुढे गेलात तर थरथर परत सुरू होते, तेही मुद्दाम करून बघा. पेटी नसेल तर मोबाईलवरचं तानपुरा अ‍ॅप चालेल.

बेंड करताना एका बोटाने तार ढकलायची नाही. तिसरं बोट फ्रेटवर, दुसरं आणि पहिलं त्याच तारेवर मागे आधाराला, अंगठा नेकच्या वरून बाहेर, आणि ताकद मनगट फिरवून लावायची, किल्ली फिरवतो तशी. व्हायब्रॅटो, म्हणजे स्वराला दिलेला हेलकावा, तोसुद्धा याच हालचालीतून येतो. बी.बी. किंगचा व्हायब्रॅटो व्हिडिओत नीट बघितला तर त्याचा सगळा हात मोकळा हलताना दिसतो, बोट तारेवर रुतलेलं आणि बाकी हात सैल. मेट्रोनोम 60 वर ठेवा, एका ठोक्यात दोन हेलकावे, मग तीन, मग चार, असं करा. हेलकावा मोजून काढता आला की मग मोजणं सोडून द्यायचं.

दुसरं काम आवाज बंद करण्याचं. गेन (आवाज फाटायला लावणारा अँपवरचा नॉब) वाढवला की वाजवलेल्या तारेपेक्षा न वाजवलेल्या तारा जास्त गोंधळ घालतात. पाचव्या फ्रेटवर ए पॉवर कॉर्ड धरा, पहिल्या बोटाचं टोक सहाव्या तारेवर आणि त्याच बोटाचा पोटाकडचा भाग तीन पातळ तारांना नुसता टेकलेला, दाबलेला नाही. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी. आता सहाच्या सहा तारांवरून जोरात पिक मारा, ऐकू फक्त कॉर्डच आली पाहिजे. हे जमत नाही तोवर नवीन डिस्टॉर्शन पेडल विकत घेऊ नका, खरंच.

तिसरं लय. सिंधुदुर्गात डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) ऐकायला जात असाल तर पुढच्या वेळी बुवांच्या बरोबरीने मृदुंगमणीकडे लक्ष द्या, तो थाप कुठे सोडून देतो तिकडे. सलग वाजवणं तालमीने येतं, पण कुठे हात उचलायचा आणि तरी लय पुढे ढकलत राहायची हे फार थोड्यांना जमतं, आणि माल्कम यंगच्या ऱ्हिदममध्ये हेच आहे. कॉर्ड वाजतो, मग पूर्ण बंद होतो, आणि त्या रिकाम्या जागेत ड्रम ऐकू येतो.

तारा

9 म्हणजे सर्वात पातळ तार 0.009 इंच जाडीची. बाजारात 9-42 आणि 10-46 हे दोन सेट सगळ्यात जास्त चालतात. स्ट्रॅटसारख्या 25.5 इंच स्केलच्या (वाजणाऱ्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर स्टँडर्ड ट्यूनिंगला 9 चा सेट सगळा मिळून साधारण 85 पाउंड ओढ देतो आणि 10 चा 100 च्या थोडा वर. लेस पॉलसारखी 24.75 ची गिटार असेल तर तोच सेट सैल लागतो, म्हणून लेस पॉलवर 10 आणि स्ट्रॅटवर 9 असं ठेवणारे बरेच आहेत आणि ते योग्यच आहे. नवशिक्यांना मी 9 च सुचवतो कारण बेंड सुरात न्यायला शिकायचंय, हाताला फोड आणायचे नाहीत. पातळ तारेने टोन मरतो हे ऐकून ऐकून कान किटले. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं तुटली, त्याने स्वतःच बोटांना टोप्या बनवल्या आणि तार दाबवेना म्हणून सगळ्यात पातळ तारा शोधल्या, सुरुवातीला तर बँजोच्या तारा लावल्या, पुढे 1971 च्या सुमाराला गिटार तीन सेमिटोन खाली उतरवली. हेवी मेटलचा आवाज त्या सैल पातळ तारांतूनच आला.

जाड तार केव्हा, तर खाली ट्यून करणार असाल, डी किंवा सी पर्यंत, किंवा तुमचा पिकचा हात मुळातच जोरकस असेल आणि पातळ तार मारताक्षणी सुराबाहेर जात असेल. एक लक्षात ठेवा, 9 वरून 10 वर गेलात की नेकवरचा ताण बदलतो, ट्रेमोलोच्या (दांडीने तारा सैल-ताठ करणाऱ्या ब्रिजच्या) स्प्रिंगचा ताणही बदलतो, म्हणजे सेटअप परत करावा लागतो.

आता धातू. निकेलचा मुलामा दिलेलं स्टील हे सर्वसाधारण, रॉकला एकदम चालतं. शुद्ध निकेल थोडं मऊ, जुन्या रेकॉर्डसारखं. स्टेनलेस स्टील सर्वात खणखणीत, गंजायला कठीण, पण फ्रेट लवकर झिजवतं. इथे किनाऱ्यावरच्या लोकांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की हा सगळा फरक गुंडाळी असलेल्या खालच्या तीन जाड तारांचा आहे. वरच्या तीन साध्या तारा जवळजवळ प्रत्येक सेटमध्ये कथलाचा मुलामा दिलेल्या पोलादाच्याच असतात, पाकिटावर निकेल लिहिलेलं असो की स्टेनलेस. म्हणून गंज नेहमी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या तारेवर आधी येतो. कोटेड सेट घेताना त्या साध्या तारांनाही कोटिंग किंवा गंजरोधक प्रक्रिया आहे का हे पाकीट फिरवून वाचा. कोटेड महाग पडतो, पण तारा मागवायच्या म्हणजे कोल्हापूर-मुंबई नाहीतर ऑनलाईन, त्यात पावसात पार्सल रखडलं की बसा वाट बघत, म्हणून जून ते सप्टेंबर मी कोटेडच लावा म्हणतो आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात साधा सेट वारंवार बदला.

तार मेली कशी ओळखायची ते सांगतो. तारेखाली नख घाला आणि लांबीभर सरकवा. फ्रेटच्या जागी नख अडखळलं म्हणजे तिथे खाच पडलीय. बोटाला खरखर लागली म्हणजे गंज सुरू झालाय, डोळ्याला दिसायच्या आधी. अशी तार बाराव्या फ्रेटवर सुरात येत नाही कितीही सेटअप करा, आणि बेंड करताना फ्रेटवर कानस चालवल्यासारखी चालते, म्हणजे तारेबरोबर फ्रेटही गेले.

खाऱ्या वाऱ्यापासून जपणं

दुपारी समुद्रावरून वारं सुटतं ते मीठ घेऊन येतं. त्या वेळात गिटार पडवीत किंवा पश्चिमेच्या खिडकीपाशी स्टँडवर उभी ठेवायची नाही. भिंतीला टांगलेली गिटार फोटोत छान दिसते, पण समुद्राकाठच्या घरात ती पेटीत, म्हणजे केसमध्येच बरी, आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. निळी सिलिका मिळाली तर ती ओली झाली की गुलाबी पडते, तव्यावर मंद आचेवर तापवली की परत निळी. तव्यावर पुन्हा स्वयंपाक करू नका, त्यासाठी जुनं भांडं वेगळं ठेवा. गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती कित्येक दिवस 85 च्या खाली येतच नाही, तेव्हा छोटा हायग्रोमीटर केसमध्ये टाकून ठेवला तर अंदाज येतो. दहा-पंधरा दिवसांनी केस उघडून कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा, नाहीतर आतल्या मखमलीला बुरशी धरते आणि तो वास जन्मात जात नाही.

वाजवायच्या आधी हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा, आंब्याच्या दिवसांत तर नक्कीच, कारण चीक हातावर राहिला तर तारा काळ्या पडतात. वाजवून झालं की जुन्या मऊ सुती कपड्याची पट्टी तारेखालून घालून प्रत्येक तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसा. वरून फडकं फिरवण्यात अर्थ नाही, घाम खालच्या बाजूला बसतो. फ्रेटबोर्डला खोबरेल लावू नका, ते खवट होतं, चिकट होतं आणि धूळ धरतं. रोझवूडला फ्रेटबोर्डसाठी मिळणारं लेमन ऑईल वर्षातून एक-दोनदा, तेही थंडीत हवा कोरडी झाली की, पावसात त्याची काहीच गरज नाही. मेपलच्या पॉलिश केलेल्या बोर्डला तेल लावायचंच नाही.

सेटअप, स्वतःच्या हाताने

हे सगळं नवीन तारा लावून, सुरात आणून करायचं. तारा एकदम सगळ्या काढू नका, एक काढा एक लावा, विशेषतः तरंगता ट्रेमोलो असेल तर. नटच्या (नेकच्या टोकाची तारा बसवायची पट्टी) खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, तार तिथे अडकत नाही. जाड तारेला खुंटीवर दोन-तीन वेढे, पातळीला एखाद-दुसरा जास्त. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी हलकेच वर ओढा, परत सुरात लावा, परत ओढा, सूर उतरायचा थांबेपर्यंत. ट्यूनिंग टिकत नाही अशी जी तक्रार असते त्यातली अर्धी इथेच संपते.

आता नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला जिथे मिळतो तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर सहावी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. पाव मिलीमीटरच्या आसपास हवी, पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. पावसात लाकूड ओल धरतं आणि बहुतेक वेळा ही फट वाढते, तारा उंच वाटायला लागतात. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळी) घड्याळाच्या दिशेने फिरवला की फट कमी होते. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, मग सूर लावा, अर्धा तास थांबा, परत मोजा. घट्ट लागत असेल तर जोर करू नका, जाणकाराकडे न्या.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पहिल्या तारेला दीड आणि सहाव्या तारेला दोन मिलीमीटर, स्टीलची फूटपट्टी पुरते. बेंड करताना तार मरते किंवा बझ करते असं वाटलं तर थोडी वर घ्या, फार खाली ठेवलेल्या तारांतून मोकळा टोन निघत नाही. मग इंटोनेशन, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर सारखे हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता असेल तर पुढे. पिकअपची उंची शेवटचा फ्रेट दाबून मोजा, दीड ते अडीच मिलीमीटरच्या मध्ये, पातळ तारांकडे जवळ, जाड तारांकडे लांब. सिंगल कॉईल (एकाच गुंडाळीचा पिकअप) फार वर घेतला तर त्याचं लोहचुंबक तारेला ओढतं आणि वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो, लोक त्याला तारेचा दोष समजतात.

नॉब आणि अँप

गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब 10 वर ठेवून विसरून जायची सवय मोडा. अँप असं लावा की 10 वर सोलो, 7 वर ऱ्हिदम आणि 4-5 वर जवळपास क्लीन मिळेल. जेफ बेकने 80 च्या दशकात पिकच सोडून दिला, अंगठ्याने वाजवायचा, करंगळी व्हॉल्यूमवर आणि हाताखाली ट्रेमोलोची दांडी, आणि त्या तीन गोष्टींतून गिटार गायला लावायचा. त्याच्या आवाजाचं रहस्य विकत मिळणाऱ्या डब्यात शोधणाऱ्यांनी त्याचा उजवा हात बघावा.

अँपवर आधी सगळं मधोमध. गेन तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा, पुरेसा वाटला की तिथून अजून थोडा खाली. खोलीत हळू आवाजात वाजवताना आपल्या कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून माणूस ते वाढवतो आणि मिड (मधल्या पट्टीचा आवाज) पाडतो, खोलीत ऐकायला भारी लागतं. तोच सेटिंग गणपतीच्या स्टेजवर घेऊन गेलात की खाली बास गिटार आणि किक, वर झांजा, आणि तुम्ही गायब. रॉक गिटारची जागा मिडमध्येच आहे. बास 4, मिड 6-7, ट्रेबल 5, इथून सुरुवात करा आणि बँड वाजत असताना फेरफार करा, एकट्याने नाही.

वीज, अर्थिंग आणि तो हम्म आवाज

हम येतोय ना, आधी कुठून येतोय ते शोधा. गिटार हातात धरून जागेवर गोल फिरा. फिरताना आवाज कमीजास्त झाला तर सिंगल कॉईल घरातल्या वायरिंगचा 50 हर्ट्झचा हम उचलतोय, ट्यूबलाईट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघा, किंवा दोन पिकअप एकत्र येतात ती जागा वापरा. हंबकरमध्ये उलट गुंडाळलेली दोन कॉईल हा हम एकमेकांत मारतात, गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये पेटंट अर्ज केला तो याचसाठी. पण तारांना हात लावताक्षणी आवाज धाडकन खाली येत असेल तर अर्थिंग तपासा. आपल्याकडे जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात खडखडीत कोरडी होते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल संपली की अर्थ नावालाच उरतो. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत राहा आणि इलेक्ट्रिशियनकडून एकदा मोजून घ्या. थ्री पिन प्लगची जाडी पिन कापून टू पिनमध्ये खुपसायचं काम कधीच करू नका. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, अँपमध्ये बिघाड झाला किंवा माईकची लाईन वेगळ्या फेजवर असली तर हात तारांवर आणि ओठ माईकवर, यातून जीवघेणा शॉक बसू शकतो. ओल्या मांडवात पायाखाली कोरडी रबरी मॅट, पायात चप्पल-बूट, आणि माईक व अँप एकाच बोर्डवरून.

एडी व्हॅन हेलन मार्शलला जाणारा व्होल्टेज व्हेरिअ‍ॅकने 90 च्या आसपास उतरवायचा हे वाचून इथे काही जणांना संध्याकाळचा लो व्होल्टेज बरा वाटतो. तो 120 व्होल्टच्या देशातला ट्यूब अँप होता आणि आपण काय करतोय ते एडीला माहीत होतं. तुम्ही स्टॅबिलायझर लावा. लाईट गेली की अँपचं बटण बंद, परत आल्यावर मिनिटभराने चालू. वळवाचे ढग दिसले की प्लग भिंतीतून बाहेर काढा.

पेडल

थोडक्यात सांगतो. आधी ट्यूनर, मग वा-वा पेडल, मग ओव्हरड्राईव्ह-डिस्टॉर्शन, मग कोरस-फेजर, मग डिले, शेवटी रिव्हर्ब. पहिला पेडल ट्यूनर, दुसरा ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राईव्ह, त्याचा गेन जवळपास शून्य आणि लेव्हल वर ठेवून आधीच थोड्या फाटणाऱ्या अँपपुढे लावा, बास आवळला जातो आणि मिड पुढे येतो. अडॅप्टर 9 व्होल्ट, मध्ये निगेटिव्ह, हे प्रत्येक पेडलवर वाचून जोडा. क्वीन बँडच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर 1963 पासून जी गिटार घरी बनवली तिची नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची आहे, पिक म्हणून तो सिक्सपेन्सचं नाणं धरतो आणि तीच गिटार आयुष्यभर वाजवतोय. सामान बदलत बसला नाही, आहे त्या सामानाचा कोपरा न कोपरा त्याला ठाऊक झाला.

कान

शेवटची पायरी म्हणजे रेकॉर्डिंग. मोबाईल अँपसमोर नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ऐकणारा बसतो तिथे. एकच रिफ निवडा, चार-आठ बार, सोबत ड्रम ट्रॅक. दर आठवड्याला तोच रिफ, तारीख टाकून ठेवा. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट: पहिल्यांदा फक्त लय, ठोक्याच्या पुढे पळताय का. दुसऱ्यांदा फक्त बेंड. तिसऱ्यांदा फक्त कॉर्ड संपल्यावरची शांतता, तिथे कुठली तार वाजत राहिलीय का. टोन आवडला की नाही हे चौथ्यांदा ऐकताना ठरवा, आणि काही बदलावंसं वाटलं तर एकच नॉब बदला आणि पुढच्या आठवड्यापर्यंत तसाच ठेवा.